आधी पाय, मग रडणं

जगात मरणाला भिणारी माणसं असतात, मरणाची चेष्टा करणारी असतात, आणि 'आम्ही नाही बुवा त्याचा विचार करत' असं सांगून सकाळी पेपरातलं निधनवार्तांचं पान सगळ्यात आधी उघडणारी माझ्यासारखीही असतात. पण मरणाची रोज पहाटे तालीम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे घरमालक. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या माडीवर मी अठरा वर्षं भाड्यानं राहिलो. शाहूपुरीत त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि अख्खी पेठ त्यांना 'मालक' म्हणायची. त्यांच्या पत्नी अक्का, त्यासुद्धा चिडल्या की मालकच म्हणायच्या.

मालक लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की त्याला पूजेला बसल्यासारखं मांडी घालून बसवतात, बसवूनच मिरवत नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. आमच्यात आडवं होऊन जायचं. त्याला काही अंगचं कौशल्य लागत नाही. हे मी सांगितलं तेव्हा मालकांनी माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं. "म्हंजे जातानासुद्धा झोपूनच? मास्तर, तुमी शाळंतबी झोपताच की!" मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. आरोप अगदीच निराधार नव्हता.

मालकांची अडचण होती त्यांचा उजवा गुडघा. ऐन उमेदीत पेंडीच्या थप्पीवरून पडले तेव्हापासून तो नीट दुमडत नव्हता. मरायची त्यांना भीती अशी नव्हतीच. भीती होती ती शेवटची मांडी बिघडेल याची. "चौघांनी धरून, पाय मोडून बसवायचं, ही काय बैठक झाली? आपनहून बसल्यागत दिसाय पायजे." म्हणून रोज पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते पुढच्या सोप्यात भिंतीला पाठ टेकून कशीबशी मांडी घालत आणि डोळे मिटून तासभर हलत नसत. पहिल्या महिन्यात एकदा मी त्यांना या अवस्थेत "मालक, पाणी आलंय का?" असं विचारलं, तर उत्तर स्वयंपाकघरातून आलं, "ते मेल्यात. मला इचारा." अक्का त्यांच्याभोवतीनं केर काढायच्या आणि शेंगांची बुट्टी त्यांच्या मांडीत ठेवून म्हणायच्या, "मेल्यालं मानूस बोलत न्हाय, पर हात रिकामंच हायत न्हवं? सोला." आणि मालक डोळे न उघडता शेंगा सोलायचे.

कुणाच्या मातीला जाऊन आले की ते पायावर पाणी घेत घेत बैठकीचा निकाल सांगायचे. एका तेलाच्या व्यापाऱ्याबद्दल, "पैला नंबर. वाटत हुतं आता उठून भाव सांगंल." एका सावकाराबद्दल, "मान पडली. जित्तेपनी कवा खाली घातली न्हाय, सगळी एकदम पडली." जिवंत माणसंही या नजरेतून सुटत नसत. लग्नाच्या पंगतीत एखादा देहानं भरलेला पाहुणा समोर बसला, की मालक माझ्या कानाला लागत, "ह्या पावण्याचा खड्डा खनायला दोन दिस लागत्यात बगा," आणि माझ्या घशातली जिलेबी तिथंच थांबायची.

कळंब्याच्या बाजूला त्यांचं थोडं रान होतं. बांधाजवळची एक जागा त्यांनी स्वतःसाठी धरून ठेवली होती. एका रविवारी मला स्कूटरवर घालून तिथं नेलं. माझी उंची त्यांच्याएवढी, म्हणून मला मांडी घालून बसायला लावलं आणि स्वतः लांब उभे राहून ओरडले, "काय दिसतंय?"

"तळं दिसतंय."

"आनि?"

"जेल."

"दिसू द्या की! आपून भाईर हाय न्हवं?"

मी म्हटलं, "मालक, मातीत गेल्यावर तळं कसं दिसणार?" त्यावर ते क्षणभरही थांबले नाहीत. "तोंडावर माती पडस्तवर तर दिसंल!"

मुलगा हुबळीला. तो येईपर्यंत आपण ताठणार, या काळजीनं मालकांनी एक कामगिरी माझ्यावर सोपवली होती. जीव गेल्यावर अंग कडक व्हायच्या आत मांडी घालायला हवी. "बाया रडत बसत्यात आनि पाय ऱ्हात्यात. तुमी भाडेकरू, तुमाला काय रडू येनार न्हाय. आधी पाय, मग रडनं. ध्येनात ठेवा." मी ध्यानात ठेवलं. इतकं, की शाळेत फळ्यावर माणूस काढायचा तरी आधी पाय काढू लागलो.

आणि मग ती दुपार आली, जिच्याबद्दल पेठेत अजून माझ्याकडे बघून हसतात. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. अक्का बाजाराला गेल्या होत्या. मी खाली डोकावलो तर मालक सोप्यात आडवे, तोंड उघडं, एक हात जमिनीवर पडलेला. दोन हाका मारल्या, उत्तर नाही. शहाण्या माणसानं नाडी पाहिली असती, छातीला कान लावला असता. मी पायाला हात घातला. डावा पाय शहाण्यासारखा दुमडला. उजवा अडला, तेव्हा मी कर्तव्यबुद्धीनं त्यावर गुडघा टेकवला आणि सगळा जोर लावला. त्यासरशी मयतानं जी बोंब ठोकली, ती ऐकून बोळातली माणसं धावत आली. मालक खोकल्याचं औषध घेऊन झोपले होते.

वेदनेनं डोळ्यांत पाणी आलेलं असतानाही ते जमलेल्या लोकांना सांगत होते, "मास्तरला कोन काय बोलायचं न्हाय! मानसानं सांगितल्यालं काम केलंय."

पण गुडघा गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी मोकळेपणानं सांगितलं, की तो आधीच झिजलेला होता, तुमच्या मास्तरांनी फक्त शेवटचा हात लावला. आता वाटी बदलायची. बदलली की चालता फक्कड येईल, मात्र मांडी घालायची नाही. कधीच नाही. मालकांनी सरळ 'नगं' म्हटलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन महिने ते काठी टेकत न्हाणीपर्यंत जात, तेवढंच. दुकान बंद. मी रोज खाली जाऊन माफी मागायचो आणि ते रोज मला चहा प्यायला लावायचे. एकदा मी धीर करून म्हणालो, "मालक, गेल्यावर कसं बसवलं हे आपल्याला थोडंच कळतंय?" ते म्हणाले, "मला न्हाय कळायचं. लोकास्नी कळतंय की, ह्यो तयारीत हुता का धरून नेला."

उत्तर अक्कांनी दिलं. भाकरी थापता थापता, मागं वळूनही न बघता. "तुमी बसल्यालं बगून मला रडायचंच हाय. चालल्यालं बगून चार वरसं हसू तर द्या."

मालकांनी भिंतीकडचं तोंड इकडं फिरवलं. मग म्हणाले, "मास्तर, मिरजंची यस्टी कितीला हाय?"

ऑपरेशनानंतर चार नव्हे, चांगली सात वर्षं मालक चालले. पहाटेची तालीम संपली. त्या वेळात ते अक्कांना घेऊन फिरायला जायचे, पुढं मालक, मागं चार पावलांवर अक्का, "अवो, जरा हळू! नवीन पाय तुमाला बसवलाय, मला न्हाय!" मातीहून आल्यावर निकाल सांगणंही बंद झालं. विचारलं तर म्हणत, "ज्याला मांडी येत न्हाय त्यानं दुसऱ्याची बगू नये."

अक्का गेल्या त्या सात वर्षांनी, एका सकाळी, चहा ठेवता ठेवता. खालून मालकांनी हाक मारली ती नेहमीच्याच आवाजात, म्हणून मी पोहोचलो तेव्हा मला काहीच कल्पना नव्हती. अक्कांना त्यांनी सतरंजीवर निजवलं होतं, डोक्याखाली आपली उशी दिली होती आणि शेजारी खुर्ची ओढून बसले होते. माझं लक्ष आधी कुठं गेलं असेल ते सांगायला नको. इतकी वर्षं ज्यासाठी मला तयार केलं होतं ते काम समोर होतं आणि वेळ चालला होता. मी खाली वाकलो, हळूच म्हणालो, "मालक, पाय..."

"थांबा मास्तर," ते म्हणाले. "पडू द्या जरा तिला. आमच्या घरात आल्यापास्नं सकाळची कवा पडली न्हाय ती."

मी थांबलो. मग शेजारच्या बायका आल्या, त्यांनी जे करायचं ते गरम पाण्यानं, सावकाश केलं. अक्का बसल्या, पण डावीकडे जरा कलूनच. कळंब्याच्या रानात त्यांना ठेवताना कुणीतरी ते नीट करायला हात पुढं केला, तेव्हा मालक म्हणाले, "असू दे. तिला तसंच बरं पडतंय."

माती सारखी झाल्यावर विधीला आलेल्या मठाच्या स्वामींनी सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. आम्ही सगळे मांड्या घालून बसलो. मालकांसाठी कुणी खुर्ची आणली नव्हती, आणि त्यांनी मागितलीही नाही. मंत्र संपेपर्यंत त्या रानात ते एकटेच उभे होते, तळ्याकडे पाठ करून, तिच्याकडे बघत.