बाटलीवर नसलेलं पान

जोयड्याच्या बसस्टँडवर ती रोज खायच्या पानांची टोपली घेऊन बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. सगळेच तिला अक्का म्हणत. पुडी बांधण्याआधी त्यातलं एक पान ती स्वतः खायची, मगच पुडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

एकदा टोपली रिकामी दिसली. तिच्या मळ्याशेजारच्यानं आपल्या सुपारीच्या झाडांवर कीड मारायचं औषध फवारलं होतं आणि वाऱ्यानं ते तिच्या पानवेलींवर आलं होतं. त्या औषधाची बाटली तिनं माझ्यापुढे धरली.

"वाचा की सर, किती दिस पान खुडायचं न्हाई?"

बारीक अक्षरांत भात, मिरची, सुपारी, सगळ्यांचे दिवस दिले होते. पानवेलीचं नावच नव्हतं. छापणाऱ्यांना पान कुणी खातं हे ठाऊकच नसावं.

"मग नवं पान फुटंस्तवर न्हाई खुडत," ती म्हणाली.

"तोवर रिकामी टोपली घेऊन कशाला बसतेस, अक्का?"

"माणसं वाट बघत्यात न्हवं. सांगाय नको?"

महिन्याभरानं टोपली भरली. तिनं एक पान तोंडात घातलं. मी हात पुढे केला, तर तिनं पुडी मागे घेतली.

"आज जरा दम धरा," म्हणाली, आणि सावकाश चघळत राहिली.

माझी बस समोरून निघून गेली.