अप्पांच्या बाथरूमचा नकाशा

अप्पांना दवाखान्यातून घरी सोडायचं ठरलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला वॉर्डाबाहेर बोलावलं आणि विचारलं, "घरात व्हीलचेअर फिरते का? बाथरूममध्ये जाते का? आत गेल्यावर वळते का?"

मी म्हटलं, "बघते." दुसरं काय बोलणार? जन्मापासून मी त्याच घरात राहते, तरी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता येईना.

अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. आयुष्यभर भुसार दुकान चालवलेला माणूस. अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांशी कानडी आणि बाकीच्यांशी मराठी, एकाच दमात बोलायचे. आता मराठी शब्द ओठांपर्यंत येऊन अडकायचे. त्यातल्या त्यात कानडी तेवढी सुटायची, तीही एकेक शब्दानं. पण मला खरा घोर लागला होता तो त्यांच्या अंघोळीचा. वॉर्डातला माणूस त्यांचं अंग पुसायला आला की ते डोळे मिटून तोंड भिंतीकडे करायचे. काम संपलं तरी बराच वेळ तसेच पडून राहायचे. घरी आल्यावर तरी त्यांना आपली अंघोळ आपण करता यावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुण्याहून भावाचा फोन आला. "अक्का, तू ड्रॉइंगवालीच आहेस की. वरचा मजला बांधला तेव्हाची कॉम्प्युटरवरची फाईल आहे माझ्याकडे. पाठवतो. सगळी मापं आहेत त्यात."

ड्रॉइंगवाली मी होते, पण यंत्रांच्या सुट्या भागांची. आमचा कारखाना चिंचोळीच्या एमआयडीसीत आहे आणि माझा दिवस दाते, खाचा, भोकं काढण्यात जातो. घराचा नकाशा मी कधी काढला नव्हता. तरी फाईल उघडली. पहिलं काम म्हणून बाहेरच्या खोलीचं माप तपासलं. ती खोली बारा फुटी आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नकाशातला आकडाही बरोबर तेवढाच होता. माझा जीव भांड्यात पडला. मग आकड्यांची फार गर्दी होत होती म्हणून मी तो मापांचा थर दिसेनासा केला आणि नुसत्या भिंती ठेवल्या.

त्या भिंतींच्या आत मी खऱ्या मापाचा कमोड ठेवला, खऱ्या मापाची व्हीलचेअर ठेवली. खुर्ची जागच्या जागी वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं असं त्या बाईंनी सांगितलं होतं. साडेसातशे मिलिमीटर त्रिज्या टाकून मी वर्तुळ काढलं. ते बाथरूममध्ये बसलं, वर थोडी जागाही उरली. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच मेजावर डोकं टेकलं. भिंत पाडायला नको. दार तीन फुटी करायचं, संडासाचं जमिनीतलं भांडं काढून कमोड बसवायचा, आधाराचे दांडे लावायचे, एवढंच काम. कागदावर तसं लिहून दिलं. कुंभारी गावचे एक मिस्त्री दुसऱ्याच दिवशी हातोडा घेऊन हजर झाले.

नीट झोप मात्र लागत नव्हती. सगळं बसतंय हे डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी काहीतरी सुटलंय असं वाटत राहायचं. मी फाईल उघडायची, वर्तुळाकडे बघायची, बंद करायची. स्कूटर चालू केल्यावर पुन्हा तेच. इतकी जागा आपल्या बाथरूममध्ये आहे? मग अव्वा, म्हणजे आमची आई, बादली ठेवून कपडे धुवायला बसली की आपल्याला आत पाय का टाकता येत नाही? पण मी म्हणायची, ती बसते म्हणून जागा कमी वाटते.

दोन दिवसांनी कारखान्यात असताना मिस्त्रींचा फोन आला.

"ताई, दांडं कुटं लावायचं? भिंतीपासनं किती सोडू?"

"थांबा, मापं टाकून पाठवते," मी म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सरकवून फाईल उघडली. या जागेत काही बसवायचं नाही हे त्यांना कळावं म्हणून वर्तुळावर त्रिज्येचं माप टाकलं. पडद्यावर आकडा आला : ६१५.

मी साडेसातशेचं वर्तुळ काढलं होतं. आधी वाटलं, काढतानाच चुकून दुसरा आकडा दाबला गेला असेल. वर्तुळ निवडून त्याची माहिती उघडली. तिथं त्रिज्या साडेसातशे. दोन बिंदूंमधलं अंतर मोजायची आज्ञा देऊन मोजलं. साडेसातशे. पुन्हा मापाची रेघ टाकली. सहाशे पंधरा. एकच वर्तुळ आणि त्याचे दोन आकडे.

मी फाईल बंद करून परत उघडली. एकक तपासलं, मिलिमीटरच होतं. बाहेरून आणलेली खुर्ची वेगळ्या एककातली आहे का पाहिलं, तीही ठीक होती. मापांची एकूण पट बदलून पाहिली, तर नुसती अक्षरं आणि बाण मोठे झाले, आकडा ढिम्म हलला नाही. शेजारच्या मेजावरच्या बाईंनी विचारलं, "जेवत नाहीस का?" मी मान हलवली. व्हय की न्हाय, ते मलाच ठाऊक नाही.

शेवटी त्या फाईलमधल्या मापांच्या शैलीची खिडकी उघडली आणि एकेक पान वाचत गेले. लांबीला लावायचा गुणक म्हणून एक रकाना असतो. त्यात एक असायला पाहिजे. तिथं ०.८२ होतं.

म्हणजे या नकाशात रेघ कितीही लांबीची असली तरी आकडा लिहिताना तिला आधी ०.८२ ने गुणलं जात होतं. मला हळूहळू उलगडत गेलं. कुणीतरी जुन्या झेरॉक्सवरून घराचा नकाशा पडद्यावर गिरवला असणार. गिरवताना सगळ्या रेघा खऱ्यापेक्षा लांब आल्या. अख्खा नकाशा लहान करण्याऐवजी त्यानं आकड्यांनाच गुणक लावून वेळ मारून नेली. छापून भिंतीवर लावायला तेवढं पुरत होतं. म्हणूनच बाहेरच्या खोलीचा आकडा बरोबर आला आणि मी फसले. आकडे घराचे होते, भिंती मात्र फुगलेल्या. आणि त्या फुगलेल्या भिंतींच्या आत मी खरी खुर्ची आणि खरं वर्तुळ ठेवलं होतं.

पण हे सगळं माझं अनुमान. उलटंही असू शकत होतं. कदाचित रेघा खऱ्या असतील आणि आकडे खोटे. बाथरूम प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. मी अव्वाला फोन लावला.

"अव्वा, शिलाईची टेप घे आणि बाथरूमची रुंदी मोज. आत्ता."

"आत्ता? आत मिस्त्री बसलेत की."

"त्यांना टेपचं एक टोक धरायला सांग."

खुडबुड ऐकू आली, पाण्याचा डबा पडल्याचा आवाज आला. मग अव्वा म्हणाली, "एकशे सदतीस."

"इंच?"

"मला काय माहीत इंच का काय! टेपवर लिहिलंय ते सांगितलं."

"अव्वा, टेप उलटी कर. मागच्या बाजूला काय दिसतंय?"

"चोपन्न."

चोपन्न इंच. साडेचार फूट. मी मापांचा थर परत दिसता केला. नकाशातला आकडाही साडेचार फुटांचाच होता. आकडे खरे, रेघा खोट्या. मी अख्खं घर ०.८२ पट केलं आणि गुणक एकवर आणून ठेवला. भिंती डोळ्यांदेखत आत सरकल्या. वर्तुळ होतं तिथंच राहिलं. त्याची कड भिंत ओलांडून शेजारच्या कोठीच्या खोलीत गेली, दुसरी कड कमोडवर चढली.

फोन अजून कानालाच होता. "अव्वा, मिस्त्रींना थांबव."

"कशाला? कमोड बसवून झाला. खाली सिमेंट भरतायत."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी निघाले. हायवेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि मला एकीलाही ओलांडायचं धाडस होईना. ऊन मी म्हणत होतं. अप्पांना परवा सोडणार होते. डॉक्टरांना आणखी दोन दिवस मागावेत असं मनात आलं म्हणून रस्त्याच्या कडेला थांबून दवाखान्यात फोन केला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "कॉट लागणार आहे हो. परवाच न्या." मी बरं म्हटलं.

घरी पोचले तेव्हा मिस्त्री हात धूत होते. मी काय झालं ते सांगू लागले, तर ते म्हणाले, "कागदावर तर बसतंय की, ताई. तुमीच दिला न्हवं?"

"कागद चुकलाय."

"कागद चुकतुय व्हय?" ते अव्वाकडे बघून म्हणाले. त्यांना वाटलं, मी घाबरून उगीच शंका काढतेय. माझं मलाही क्षणभर तसं वाटलं.

भाड्यानं आणलेली व्हीलचेअर बाहेरच्या खोलीत उभी होती. मी तिच्यात बसले आणि स्वतःच चाकं ढकलत आत गेले. नव्या दारातून खुर्ची आरामात गेली. आत गेल्यावर वळायला घेतलं तर पाय ठेवायची पट्टी कमोडला ठेचली. मागं घेतली तर मागची चाकं भिंतीला लागली. थोडी पुढं, थोडी मागं, माझी पाठ घामानं भिजली, तरी खुर्ची तिरकीच. दोन्ही हात धड असून मला वळता येत नव्हतं. अप्पांचा तर एकच हात चालत होता.

मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "कमोड उचलायचा का?"

"नको. कोठीच्या खोलीकडची भिंत काढता येईल का?"

त्यांनी आत येऊन भिंत ठोकून पाहिली. पलीकडं जाऊन पुन्हा ठोकली. "चार इंची हाय. वरचं वजन हिच्यावर न्हाय. निघंल. पण परवापत्तोर फरशी न्हाय व्हायची, लई घाई करू नगा."

प्रश्न अव्वाचा होता. कोठीची खोली तिची. ज्वारीची कोठी, पापडाचे डबे, शेंगाचटणीच्या बरण्या, लग्नातली पितळेची भांडी, सगळं तिथं. आमच्यापैकी कुणी तिथला डबा इकडचा तिकडं केला तर ती दिवसभर बोलायची. मी तिला काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. ती मात्र खुर्चीकडे बघत होती, माझी धडपड तिनं पाहिली होती.

"ज्वारी कुठं ठेवायची तेवढं सांग," ती म्हणाली.

"माझ्या खोलीत."

ती पदर खोचून बरण्या उचलायला लागली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "म्हणजे मी चुकीची फाईल पाठवली?" त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. दिवसभर मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडले होते. "त्यातले आकडे बरोबर होते," मी म्हटलं, "तू कसा येतोस तेवढं बघ." तो पहाटेच्या गाडीनं आला आणि विटांचे तुकडे पाटीत भरून बाहेर टाकत राहिला.

अप्पा आले तेव्हा घरभर धूळ होती. त्यांना बाहेरच्या खोलीत कॉटवर निजवलं. ते मागच्या बाजूचा ठोकाठोकीचा आवाज ऐकायचे आणि डाव्या हातानं "काय?" असं विचारायचे. मी सांगायची, "तुमचं बाथरूम." ते मान फिरवायचे. पुढचे काही दिवस भावानंच त्यांचं अंग पुसलं, आणि अप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. मी कारखान्यातून आले की रोज टेप घेऊन आत जायची. भिंत गेल्यावरची रुंदी मोजायची, कमोडपासूनचं अंतर मोजायची. कालचंच माप असायचं. तरी मोजायची. मिस्त्री एकदा हसून म्हणाले, "ताई, भित्ती हलत न्हायत्या रातीतनं." मीही हसले, पण टेप खिशात ठेवली नाही.

फरशी बसली, वाळली. दाराची चौकट अजून यायची होती म्हणून अव्वानं जुनी चादर बांधली. त्या सकाळी भावानं अप्पांना खुर्चीत बसवलं आणि बाथरूमच्या तोंडापर्यंत नेलं. तो आत शिरणार तेवढ्यात अप्पांनी डावा हात आडवा धरला. कुणीही नको. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. अव्वा म्हणाली, "जाऊ द्या त्यांना."

ते डाव्या हातानं चाक ढकलत, डाव्या पायानं जमीन रेटत चादरीआड गेले. गरम पाण्याची बादली आणि तांब्या हाताशी ठेवला होता. मी भिंतीला कान लावून उभी राहिले. खुर्ची कुठंतरी धडकली. मग शांतता. मला वाटलं, अडकले. भाऊ पुढं झाला, मी त्याचा शर्ट धरून ठेवला. पाण्याचा आवाज आला. पुन्हा शांतता. पुन्हा पाणी.

"अप्पा, अजून पाणी देऊ का?" मला राहवेना.

मी चादरीजवळ गेले.

"अप्पा!"

"साकु," आतून आलं. पुरे. आवाजात चक्क वैताग होता, दुकानात भाव पाडून मागणाऱ्याशी बोलताना असायचा तसा.

बराच वेळ चाकं फरशीवर घासत राहिली. मग चादर सरकली आणि अप्पा बाहेर आले. ते आत वळून तोंड आमच्याकडे करून आले होते, कुणी त्यांना मागं ओढून काढलं नव्हतं. सदरा अर्धाच अंगात होता, केसांतून पाणी गळत होतं. अव्वानं विभूतीचा डबा पुढं केला. त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं बुडवून कपाळावर ओढली. पट्टे वाकडे आले. ती पुसून नीट करायला गेली, तर त्यांनी मान मागं घेतली.

भाऊ दुपारच्या गाडीनं पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी अप्पा अंघोळीला गेले तेव्हाही मी कामावर जायचं सोडून भिंतीशी उभी होते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शेवटी अव्वानंच जेवणाचा डबा माझ्या हातात दिला आणि मला दाराबाहेर काढलं.