सत्काराला बांधलेली सायकल

समोर दिसेल त्या सायकलच्या टायरवर अंगठा दाबायचा, मान हलवायची आणि म्हणायचं, "हवा जास्त झाली." ही त्याची सवय होती. सायकल कुणाची, मालकाने विचारलंय का, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. कुणी वाद घातलाच तर सांगायचा, "ठस्स टायर दगडावर उडतंय, सर. नरम असलं की मंग जमीन धरतंय." माणसांनाही त्याचं हेच माप होतं. आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांची जीप शाळेच्या फाटकातून आत आली की तो माझ्याकडे बघून नुसताच हवेत अंगठा दाबायचा. मी हसू लपवायला फळ्याकडे वळायचो.

राजूरच्या आमच्या शाळेत तो शिपाई होता, तोही कायम न झालेला. मूळ गाव धावडा, डोंगराच्या कुशीतलं. शनिवारी शाळा सुटली की खोलीला कुलूप लावून सायकलने घरी निघायचा, पण रस्त्याने कधीच नाही. नांगरटीतून, नाल्यातून, बैलवाटेने. डांबरी रस्ता ही त्याच्या मते म्हाताऱ्यांची सोय होती. जालन्यातल्या भंगारातून उचललेली गिअरची सायकल त्याने स्वतःच्या हाताने उभी केली होती. तिच्यावर बसून तो डोंगरवाटांच्या शर्यतींत आधी जिल्ह्यात, मग विभागात आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्यात पहिला आला.

आणि इथूनच त्याचे सत्कार सुरू झाले. असले सत्कार तुम्हीही पाहिले असतील. मला तर आजही घडी घातलेली शाल दिसली की शिसारी येते.

विभागाची शर्यत अजिंठ्याच्या डोंगरात होती. ती जिंकून तो तसाच सायकल मारत शाळेत आला, चिखलाने माखलेला, गुडघा फुटलेला. अध्यक्ष, म्हणजे साहेब, हार घेऊन उभेच होते. त्याला बघून ते दोन पावलं मागे सरले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, आधी याला धुऊन काढा. मग हापशावर त्याला बसवून पोरांनी पाणी ओतलं, हेडक्लार्कने तोंडाला पावडर फासली आणि मगच साहेबांनी हार घातला. गुडघ्याचं रक्त विजारीतून पाझरत होतं. त्याला पट्टी बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

राज्यात पहिला आल्यावर देशाच्या संघासाठी पुण्याला निवड चाचणी ठरली. त्याची तिशी उलटून गेली होती. ही संधी हुकली तर दुसरी नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. निघायच्या दिवशी साहेबांनी शुभेच्छा समारंभ ठेवला. दुपारच्या एसटीने जालना गाठलं तरच पुढे पुण्याची गाडी मिळणार होती, म्हणून समारंभ सकाळचा ठरला. सायकल स्टेजवर मधोमध उभी केली आणि रंगीत फितींनी खांबाला बांधून टाकली.

सकाळ गेली. साहेब निघाले, साहेब वाटेत आहेत, साहेब चहाला थांबले, असं माईकवरून कुणीतरी सांगत राहिला. मी त्याला म्हटलं, सोड फिती आणि नीघ. तो म्हणाला, "कायम व्हायचं राह्यलंय, सर. आत्ता निघालो तर नोकरी जाईल."

साहेब आले तेव्हा एसटीची वेळ होत आली होती. तरी भाषण झालंच. शेवटी फोटोसाठी साहेबांना स्वतः सायकलवर बसायची हुक्की आली. दोन कार्यकर्त्यांनी दोन्हीकडून धरलं, फोटोग्राफरने आणखी हसायला सांगितलं, आणि साहेब सायकलसकट कलंडले. लोक त्यांना उचलायला धावले. चाक भाजलेल्या पापडासारखं वाकडं झालं होतं आणि तिकडे एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. जीपने जालन्यापर्यंत तरी सोडा, असं मी साहेबांना म्हणालो. पण त्यांना भोकरदनला एका लग्नाला जायचं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ओकारी यावी असा तो हसरा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मैदान रिकामं झाल्यावर तो स्टेजच्या पायरीवर बसून चाकाचे स्पोक आवळत राहिला. गळ्यात हार तसाच होता, झेंडूतल्या मुंग्या मानेवर चढत होत्या. मी शेजारी बसलो. चाक फिरवून बघत तो म्हणाला,

"हारलो असतो तर काही वाटलं नसतं, सर. यायनं मला हारायलाबी जाऊ दिलं न्हाई."

त्यानंतर दरवर्षी स्नेहसंमेलनात साहेब त्याला 'आमच्या संस्थेचा राष्ट्रीय खेळाडू' म्हणून स्टेजवर बोलवत. तो हातातल्या खुर्च्या खाली ठेवायचा, वर जायचा, शाल घ्यायचा आणि परत खुर्च्या उचलायला यायचा. शर्यतीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. कायम मात्र तो अजूनही झाला नव्हता.

मग एका वर्षी नाव पुकारलं आणि तो आला नाही. सकाळी खुर्च्या मांडून, किल्ल्यांचा जुडगा हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवून तो सायकलवरून धावड्याला निघून गेला होता. शाळेत तो परत कधी आला नाही. इकडे माईकवर पुन्हा पुन्हा नाव पुकारलं गेलं. साहेबांचा थोडाही खोळंबा झाला नाही. त्यांनी शाल शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर पांघरली, नारळ खुर्चीत ठेवला आणि फोटोग्राफरकडे बघून हसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.