लोसालिने आत्या काट्यावर चढत नाही

लिफुका बेटावर लोसालिनेला नावाने हाक मारणारं माणूस आता उरलंच नव्हतं. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. नात्यातले हक्काने म्हणायचे, बाकीचे भीतीने. आत्या म्हणजे काय चीज असते, ते टोंगातल्या भावजयांना विचारावं. भावाच्या घरात शिरावं, भिंतीवरचं घड्याळ आवडलं तर काढून न्यावं, आणि वहिनीने वर हसून पिशवी द्यावी! भाच्याच्या लग्नात सगळ्यांत वरच्या चटईवर आत्याच बसणार आणि केकचा वरचा मजला आत्याच्याच घरी जाणार. लोसालिनेने हा मान आयुष्यभर मनसोक्त उपभोगला होता आणि तो तिच्या अंगावर दिसतही होता.

नवरा होलानी कधीच गेला. समुद्रात पायाला खडक लागल्याचं निमित्त झालं, जखम चिघळली, आणि चांगला हातापायाने धड माणूस पावसाळा संपायच्या आत आटोपला. त्यानंतर आत्याने चटया विणल्या, डुकरं पाळली आणि गावाला अक्कल शिकवली. तिन्ही धंदे बरे चालले होते.

काडी टाकली ती पाद्रीबाईंनी. या मेलेनाइतेबाई राजधानीहून बदली होऊन आल्या होत्या. स्वतः वाळलेल्या शेंगेसारख्या. आल्या आल्या त्यांना दिसलं की गावातल्या बाया आत्म्याने पवित्र असल्या तरी देहाने फार पसरल्या आहेत. झालं. दर गुरुवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत वजन सुरू. एकेकीने काट्यावर चढायचं आणि बाईंनी आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा. त्यामुळे म्हणे चुरस वाढते. चुरस कसली डोंबलाची! बाया शेजारणीचा आकडा पाठ करून घरी जायच्या आणि आपला विसरायच्या.

आत्या सुरुवातीला इमानदारीने उतरली. बुधवारी उकडलेली कच्ची केळी, गुरुवारी सकाळी नुसता चहा. चढण्याआधी कमरेला कपड्यांवरून गुंडाळायची ती रीतीची चटई सोडायची, कानातलं काढायचं, केसातला कंगवा काढायचा, दोनदा परसाकडे जाऊन यायचं. शेवटी काट्यावर श्वास रोखून उभं राहायचं, जणू फुप्फुसातल्या हवेचंही वजन पाद्रीबाई धरणार होत्या. काटा अर्धा किलो खाली आला की आत्या आनंदाने घरी जाऊन लू करायची. अळूच्या पानांत डब्यातलं खारं मांस आणि नारळाचं घट्ट दूध बांधून भाजलेलं ते लू. काटा वर गेला की दुःखाने लू करायची. जागेवरच राहिला तर मग विचार करायला म्हणून करायची. एकूण गुरुवार वाया जात नव्हता.

एका आठवड्यात गावात मयत झाली. मयताच्या घरी वाढलेलं ताट नाकारणं म्हणजे गेलेल्या माणसाच्या तोंडावर थुंकणं. आत्याने कुणाच्याच तोंडावर थुंकलं नाही. गुरुवारी काटा दोन किलोंनी वर.

"एकशे एकतीस," पाद्रीबाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत गोड आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, मयताला तुम्ही जरा जास्तच दुःख केलेलं दिसतंय."

खोली फुटली. पोटं धरधरून हसल्या बाया. आत्याची भाची वाइमोआना तोंडात पदर कोंबावा तशी चटईचं टोक कोंबून हसत होती. आत्या काट्यावरून उतरली. चटई बांधली, कानातलं घातलं, कंगवा खोचला. सगळं सावकाश. हसू विरेपर्यंत सावकाश.

"झालं हसून?" आत्या म्हणाली. "आता ऐका. रविवारी आपण खड्डा खणतो, दगड तापवतो, अन्न ठेवतो, वर माती लोटतो. मग काय करतो? चर्चला जातो. दर घटकेला येऊन माती उकरून बघतो का, शिजलं की नाही? जी उकरते तिचं कच्चं राहतं. देहाचंही तसंच आहे. आजपासून मी काट्यावर चढणार नाही. हा देह देवाने मला दिलाय, मेलेनाइतेबाईंना मोजायला दिलेला नाही."

आणि गेली. पुढच्या गुरुवारी निम्म्या बाया आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाद्रीबाई, काटा आणि एक बहिरी म्हातारी एवढेच होते. म्हातारीला वाटत होतं, भजन आहे. काटा मग पाद्रीबाईंच्या स्वयंपाकघरात कोनफळं तोलायला गेला.

गंमत पुढेच आहे. काटा सोडला आणि आत्या बारीक व्हायला लागली! आधी गाल उतरले. मग कमरेच्या चटईवरची दोरी एक वेढा जास्त घ्यायला लागली. ताट तेच, लू तेच, उलट भूक दुप्पट. आणि तरी अंग झडतंय. असा चमत्कार जुन्या करारातसुद्धा नाही. बाया बघायला यायच्या. आत्या दोरीचा जास्तीचा वेढा दाखवायची आणि वर शहाळ्याचं पाणी घटाघटा प्यायची, कारण हल्ली घशाला सारखी कोरड पडायची.

"रहस्य काय गं आत्या?"

"मोजायचं नाही. मोजलं की देहाला कळतं तुम्ही त्याच्यावर पाळत ठेवलीय. मग तो हट्टाला पेटतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण बायांना पटलं, कारण ते पटण्यासारखं सोयीचं होतं. सगळ्यांत जास्त पटलं वाइमोआनाला. ही चुलतभावाची मुलगी, म्हणजे भाचीच. आत्याने सोडलं म्हणून हिनेही सोडलं. तीही काही महिन्यांनी बारीक दिसायला लागली आणि पाण्याची बाटली घेऊन गावभर मिरवायला लागली.

एकच माणूस आत्याच्या मागे लागलं होतं. दवाखान्यातली सिस्टर एलेनोआ. आत्याच्याच मांडीवर खेळलेली पोर. ती रस्त्यात गाठायची.

"आत्या, एकदा येऊन जा. रक्त बघू."

"काट्यावर चढावं लागेल?"

"ते आधी. सगळ्यांनाच लागतं."

"मग राहू दे. मला काय धाड भरलीय? बघ, कशी झालेय! तुझ्या लग्नात नव्हते अशी."

"म्हणूनच ये म्हणते ना."

"जळतेस तू," आत्या हसत म्हणायची आणि पुढे चालू लागायची. तळपायाला एक फोड आला होता आणि तो बरा होत नव्हता. पण ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. गावाला अक्कल शिकवणाऱ्या बाईने पायाचा फोड दाखवत हिंडायचं नसतं.

तशात भाऊ माकाचा निरोप आला: पोराचं, फेलेतीचं लग्न ठरलं, राजधानीत, नुकुआलोफात, शनिवारी. आत्याशिवाय लग्न म्हणजे नवरीशिवाय लग्न. जाणं भागच होतं. बोट नेमकी बिघडून धक्क्याला लागलेली. म्हणजे विमान.

आणि विमान म्हणजे काटा. ते मूठभर विमान, त्यात मोजकीच माणसं. सामानाबरोबर माणूसही तोलल्याशिवाय ते उडत नाही. विमानतळावरचा तो काटा कपाटाएवढा. त्याची तबकडी नेमकी लोकांकडे तोंड करून, आणि तिथला कारकून सेमिसी आकडा ओरडूनच सांगणार, कारण लिहिणारा माणूस बाहेर विमानाच्या पंखाखाली उभा असतो. आत्याने तीन दिवस बोटीचं इंजिन दुरुस्त व्हावं म्हणून प्रार्थना केली. देवाने लक्ष दिलं नाही. बहुतेक त्याच्याकडे पाद्रीबाईंचा वशिला आधी पोचला होता.

शुक्रवारी सकाळी विमानतळावर गाव लोटलं. निरोप द्यायला म्हणे! निरोप संक्रांतीच्या गोड बोलण्याइतकाच खरा. सगळे आले होते तबकडी बघायला. कुंपणाला आत्याच्या चेल्या ओळीने उभ्या. त्यांत वाइमोआना, बाटली हातात. आत्याची डुकरं सांभाळायला ती मागे राहणार होती. एलेनोआ राजधानीला पाठवायची औषधाची पेटी घेऊन आली होती. आणि ज्यांनी येऊ नये त्या पाद्रीबाई त्याच विमानाने निघालेल्या. त्यांची कोनफळांची टोपली मात्र सेमिसीने बाजूला काढून ठेवली होती.

"का रे बाबा?" पाद्रीबाई विचारत होत्या.

सेमिसी खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, आत्यासाठी मी एकशे तीस धरलेत. तुमची कोनफळं बसत नाहीत."

खालचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

आत्या पुढे आली. नवी चटई, तेल लावलेले केस, नाक वर. "सेमिसी, तू धरलेस ना एकशे तीस? मग तेच लिही. मला उगाच कशाला चढवतोस?"

"आत्या, वैमानिक अंदाजावर उडत नाही."

"मग त्याला सांग, श्रद्धेवर उड."

"तो परवा एकदा उडला होता आत्या, उसात उतरला."

गाव खिदळलं. आत्याने आजूबाजूला पाहिलं. लग्न पलीकडे, काटा अलीकडे. मध्ये ही हसरी तोंडं. आकडा एकशे एकतीसच निघाला तर? चाळीस बायांसमोर तिने जे सांगितलं ते सगळं थोतांड ठरलं तर? पण वरच्या चटईवर आत्या नसेल तर फेलेतीला जन्मभर ऐकावं लागेल.

"चढते," ती म्हणाली. "पण पाठमोरी. मी बघणार नाही. आणि तू मनातल्या मनात वाच."

ती तबकडीकडे पाठ करून काट्यावर उभी राहिली आणि डोळे मिटून घेतले. काटा करकरला. सेमिसीने वाचलं, पुन्हा वाचलं, वाकून खाली काही अडकलंय का ते पाहिलं. आणि सवयीने घसा फोडून ओरडला:

"एकशे चार!"

क्षणभर कुणाला कळेना. मग कुंपणाला जो काही कल्ला झाला! बाया नाचायलाच लागल्या. "चटईसकट एकशे चार! चटईसकट!" वाइमोआना बाटली उंचावून ओरडत होती. आत्या खाली उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तिने पाद्रीबाईंकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्या आणखी वाळल्या. तरी संधी सोडतील तर त्या पाद्रीबाई कसल्या!

"म्हणजे आता सव्वीस किलो उरले," त्या म्हणाल्या. "सेमिसी, माझी कोनफळं चढव."

आणि आत्याच्या गेलेल्या मांसाच्या जागी कोनफळांची टोपली चढली.

एलेनोआ टाळ्या वाजवत नव्हती. ती पेटी खाली ठेवून आत्याजवळ आली. "आत्या, जेवण कमी केलंस का तू?"

"कमी? मी?" आत्या गर्वाने हसली. "उलट दुप्पट. विचार कुणालाही."

"तहान लागते?"

"समुद्र गोड असता तर तोही प्याले असते."

"रात्री उठतेस?"

आत्याने एक पाय मागे ओढला. एलेनोआने खाली वाकून तिच्या चपलेतल्या पायाकडे पाहिलं. फोडावर आत्याने केळीचं पान बांधलं होतं.

"होलानीकाकांचं आठवतं तुला?" एलेनोआ अगदी हळू म्हणाली.

आठवत होतं. होलानी खडक लागायच्या आधी वर्षभर झडत होता. गालफडं बसली होती. दिवसरात्र पाणी पीत होता. आणि गाव त्याला म्हणत होतं, काय रे, तरुण झालास! सगळ्यांत जास्त तीच म्हणत होती. त्याची जुनी विजार कमरेला आवळून देताना तिने त्याला चिमटा काढला होता आणि म्हणाली होती, आता कुणी पळवून नेईल तुला. शुगर हा शब्द डॉक्टरने काढला तेव्हा पाय काळा पडला होता. त्या माणसाला कुणी कधी तोललं नव्हतं.

आत्याचं तोंड कोरडं पडलं, आणि आज प्रथमच तिला त्या कोरडीची भीती वाटली.

"उतरल्या उतरल्या आधी दवाखान्यात," एलेनोआ म्हणत होती. "मी फोन करून ठेवते. लग्न उद्या आहे, आज रक्त. ऐकतेस ना?"

"ऐकते." आवाज इतका बारीक होता की आत्याचा वाटेना.

ती विमानाकडे निघाली. इंजिन सुरू झालं होतं. कुंपणापलीकडून बाया ओरडत होत्या, "आत्या, आम्हीपण नाही मोजणार! कध्धी नाही!" तिने हात हलवायला वळून पाहिलं. वाइमोआना सगळ्यांत पुढे होती. बाटली तोंडाला लावून, मान मागे टाकून पीत होती. चटईवरच्या दोरीला दोन वेढे जास्त. मनगटाची हाडं वर आलेली.

आत्या परत फिरली. "अहो आत्या, विमान!" सेमिसी ओरडला. वैमानिकाने खिडकीतून हात नाचवले. आत्या कुंपणाचं फाटक ढकलून बाहेर गेली आणि वाइमोआनाचं मनगट धरलं.

"चल."

"कुठे?"

"काट्यावर."

"अगं पण आत्या, तूच म्हणालीस ना, खड्डा उकरायचा नाही म्हणून!"

"म्हणाले होते. त्या खुळ्याशी लग्न करू नकोस असंही म्हणाले होते, ते ऐकलंस? नेमकं हेच ऐकायचं सुचलं तुला!" आत्याचा आवाज फुटला. "होलानीपण असाच बारीक झाला होता गं. आणि मी त्याला म्हणायची, छान दिसतोस."

आत्याला नाही म्हणायची भाचीची प्राज्ञा नव्हती. वाइमोआना काट्यावर चढली. बाटली छातीशी धरलेली, नजर जमिनीवर. आत्याने तिला खांद्याला धरून तबकडीकडे वळवलं.

"मेलेनाइतेबाई," आत्याने हाक मारली, "हिचं शेवटचं वजन किती होतं?"

पाद्रीबाईंना गावातल्या सगळ्या बायांची वजनं पाठ होती. विमानाच्या पायरीवरून त्या लगेच म्हणाल्या, "एकशे नऊ."

"हं. सेमिसी, आता वाच," आत्या म्हणाली. "मोठ्याने वाच."