वीतभर चिंच

वरच्या मजल्यावरचे साठेकाका रेल्वेतून निवृत्त झाले आणि जेवणाच्या टेबलावर आपलं जुनं स्टेशन उभारू लागले, खेळण्यातल्या आगगाडीच्या मापाचं पण हुबेहूब. तांब्याची तार पिळून त्यांनी वीतभर चिंच केली. स्पंज मिक्सरमधून काढून, हिरवा रंगवून, चिमट्याने कण कण फांद्यांना चिकटवला. तिच्या सावलीत गाडीची वाट बघणाऱ्या दोन इवल्या बायका बसवल्या. आठवडा गेला त्यात.

काल मी "वा!" म्हणतेय, तोच काकांनी पक्कड घेतली आणि झाड बुंध्याशी कचकन तोडलं.

"अहो काका, हे काय केलंत!"

"खरं झाड दुसऱ्या लाइनसाठी तोडलं होतं. मीच उभा राहून तोडून घेतलं."

"मग नुसता बुंधाच करायचात ना!"

"असं कसं? आधी झाड होतं ना तिथे."

गेलेलं सगळं आपण आठवणीत परत उभं करतो आणि तिथेच थांबतो. हा माणूस थांबला नव्हता.

काकांनी हिरवा भुगा फुंकरीने उडवला. बायकांना मात्र हात लावला नाही. त्या दोघी तिथेच बसून होत्या, ट्यूबलाइटच्या लख्ख उन्हात.