चंदरचा लाल संकासूर

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातला चंदर फुगे विकायचा, पण फुगेवाला म्हटलेलं त्याला खपत नसे. तो मूळचा संकासूर. शिमग्यात काळा झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी नि कमरेला घुंगरं बांधून पालखीपुढे नाचायचं, हीच त्याची ओळख. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास होडी ओढताना त्याचा गुडघा गेला. गावाने संकासुराचं सोंग वाडीतल्या तरण्या सदाला दिलं, आणि चंदर मुंबईच्या एका फुगेवाल्याकडून लांब फुगे पिळायला शिकला. कुत्रा, हंस, तलवार, सगळं करी. शिमगा जवळ आला की मात्र घुम्यासारखा बसे. आपल्यावाचून पालखी निघते हे त्याला सोसत नव्हतं, आणि तो ते लपवतही नसे.

एका वर्षी त्याच्या मनाने घेतलं, फुग्याचा संकासूर करायचा. पाय गेला तर गेला, हात आहेत की! फक्त बघणाऱ्याने न सांगता ओळखला पाहिजे.

काळा फुगा कुठे मिळेना. मग खोबरेल तेलात काजळी खलून त्याने लाल फुग्याला फासली. तेलाने रबर खाल्लं, फुगा फुटला आणि चंदरचंच तोंड काळं झालं. शेजारधर्म म्हणून मी हसलो, तर माझ्यावर खेकसला. रंगाचा नाद त्याने सोडला. लाल फुग्याचं अंग नि टोपी, पांढऱ्याची दाढी, आणि घुंगरांसाठी फुगवण्याआधी आत चिमूटभर तांदूळ. ही युक्ती मला भारी आवडली. पण वाडीतली पोरं बघून म्हणाली, "बुवा हाय."

संकासूर नेमका कशाने संकासूर होतो? टोपीने? दाढीने? चंदर ज्याला त्याला विचारत सुटला. मलाही सांगता येईना, आणि जन्मभर बघूनही आपल्याला माहीत नाही याची मला मोठी गंमत वाटली.

त्याची बायको केसर सुकट निवडत होती. ती म्हणाली, "ह्यो हालत कसा न्हाय? तुमी कदी असं ताठ उबं ऱ्हायलाव?"

चंदरने फुगा उलटसुलट करून पाहिला. जाळी विणणारा हात तो, गाठ मारली की न सुटणारीच मारणार. सगळे सांधे त्याने जाळ्यासारखे आवळले होते. त्याने फुग्याच्या कमरेची गाठ सोडली आणि तिथे नुसता सैल पीळ ठेवला. सैल गाठ म्हणजे कोळ्याला शरमेची गोष्ट, पण त्याने ती ठेवली.

पालखीच्या दिवशी तो लाल संकासूर बांबूच्या काठीला बांधून दारात उभा राहिला. दर्याचा वारा आला, कंबर लचकली, तांदूळ खुळखुळले. सदा नाचत पुढे गेला होता, तो खुळखुळ ऐकून वळला नि थबकला. संकासूर बोलत नाही. पण दोन गावांचे संकासूर समोरासमोर आले की जमिनीला हात लावून नाचायचं, आणि आधी बसेल त्याने वाट द्यायची, हा रिवाज.

सदाने जमिनीला हात लावला.

ढोल कडाडला. चंदरने काठी उंच धरली. सदा नाचला, लाल संकासूरही नाचला. चंदरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी सदा धापा टाकत खाली बसला, वारा मात्र थांबला नव्हता. सदाने बाजूला सरून वाट दिली, आणि चंदर काठी घेऊन लंगडत पालखीच्या पुढे झाला.