गप्प बसू न देणारी बाई

भिलाईच्या पोलाद कारखान्याची भट्टी नवी होती, तेव्हा तिथं काम करताना माझा खांदा आखडला. दवाखान्यातली बाई तेल लावून अल्ट्रासाउंडच्या शेकाची चकती खांद्यावर फिरवत राही. हात थांबत नसे, तोंडही नाही. "भाऊ, यंदा गावाकडे शेतात लाखोळी कशी आहे?"

एकदा चटका बसला. भट्टीवरच्या माणसानं काय कण्हायचं, म्हणून मी दात आवळून गप्प बसलो. तिनं लगेच चकती उचलली.

"सोसणं तिकडं भट्टीपाशी! इथं गप्प राहाल तं आतून भाजाल. तुमी बोलत राहा, मंग मले भेव नाही."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आता मुलगा ड्यूटीवरून येऊन गप्प बसला, की मी विचारतो, "का रे, यंदा शेतात लाखोळी कशी आहे?" शेत कधी न पाहिलेला पोरगा हसतो, आणि मग बोलतो.